किशनलाल शेठच्या मोटारीतला अठरावा आवाज

सन एकोणीसशे सदतीसच्या पौषात, नंदुरबार ते तळोदा या रस्त्यावर धावणाऱ्या किशनलाल शेठच्या मोटारीत, ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या घड्याळांच्या फळीमागे एक आवाज उत्पन्न झाला. आवाज लहान होता. 'टिक-टिक-खर्र' असा यायचा, खड्ड्यात वाढायचा आणि चढावर दमायचा. मोटारीचे बाकीचे सतरा आवाज ड्रायव्हर भिलाला घरच्या माणसांच्या खोकल्यासारखे ओळखू येत. डाव्या दाराचा वेगळा, टपाच्या पत्र्याचा वेगळा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तर अंधारातही सांगता यावा असा. हा अठरावा मात्र नवा होता.

मोटारीची प्रकृती इथे सांगितली पाहिजे. परवाना चौदा माणसांचा होता आणि चौदापेक्षा कमी माणसे तिच्यात कधी कोणी पाहिली नव्हती. ब्रेक दाबला की मोटार थांबण्याचा विचार करू लागे. विचाराची अंमलबजावणी झिपरू करी. झिपरू हा पन्नाशीचा क्लीनर. प्रकाशा गावाजवळच्या उतारावर तो मागून उडी टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा सारी, तेव्हा मोटार उभी राही आणि तापीमाय दर्शन देई. हॉर्न मुका होता. त्याचेही काम झिपरूच तोंडाने करी. दिवा एक होता, तो दिवसा उत्तम चाले.

त्या दिवशी मोटारीत सव्वीस माणसे, मिरचीची चार पोती आणि टपावर एक बोकड होता. पुढच्या बाकावर, भिलाच्या शेजारी, वाहन निरीक्षण कचेरीचे साहेब बसले होते. साहेब फिरतीवर निघाले होते. फिरतीवरच्या साहेबांना तिकीट मागायचे नाही हा रिवाज होता, आणि रिवाज सगळ्या कायद्यांपेक्षा नीट पाळला जाई. त्यांच्या मांडीवर पिशवीत एक कोंबडी होती. ती कोणी दिली हे विचारायचे नाही, हाही रिवाजच.

साहेबांना सव्वीस माणसे दिसली नाहीत. ठोकळा दिसला नाही. बोकडाने वरून त्यांच्या टोपीवर काही केले तेही त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिले. पण नंदुरबार मागे पडल्यावर त्यांनी मान वाकडी केली आणि फळीकडे बोट दाखवले.

"ड्रायव्हर, हा आवाज कसला?"

इथे भिलाची चूक झाली. तो खरे बोलला.

"परवापाईन येस, साहेब. कसाना शे, काय माहीत."

आता 'माहीत नाही' हे उत्तर देण्याचा हक्क या मुलुखात फक्त कचेरीला आहे. ते साध्या माणसाने वापरले की कचेरीला चोरी झाल्यासारखे वाटते. साहेबांनी खिशातून वही काढली.

आठव्या दिवशी कागद आला. तो अव्वल कारकुनाच्या हातचा होता, त्यामुळे अक्षर सुरेख होते.

'सदर मोटारीत फळीमागे अकारण आवाज आढळून आला. सकारण आवाजास या कचेरीची हरकत नाही. अकारण आवाज मात्र नियमास धरून नाही. सबब, आवाजाचे कारण लेखी कळवीपर्यंत मोटार उभी ठेवावी व ड्रायव्हरचा बिल्ला कचेरीत जमा करावा. दोन महिन्यांत कारण न कळविल्यास बिल्ला रद्द समजण्यात येईल.'

कागदाबरोबर करणसिंग जमादार आला होता. त्याने भिलाच्या खाकी कोटावरचा पितळी बिल्ला स्वतःच्या हाताने काढून घेतला. कोटाला दोन भोके राहिली.

हा बिल्ला म्हणजे काय होते, हे धानोऱ्याला जाऊन विचारावे. भिलाच्या घरात त्याच्या आधी सात पिढ्या बैलाच्या शेपटीमागे चालल्या. भिलाने धुळ्याला तीन वर्षे दुसऱ्याची मोटार धुतली, शिव्या खाल्ल्या, चाक हातात घ्यायला शिकला आणि बिल्ला मिळवला. त्या दिवसापासून त्याचा थोरला भाऊ नवल, जो त्याला 'ए भिल्या' म्हणे, तो 'भिलाभाऊ' म्हणू लागला. धनुबाईच्या बापापुढे दोन स्थळे होती: एक वीस बिघ्यांचे, एक बिल्ल्याचे. त्याने बिल्ला निवडला. आता बिल्ला गेला तर भिलाला नवलच्या हाताखाली औत धरायचे होते, आणि नवल पुन्हा 'ए भिल्या' म्हणायला मोकळा होता.

भिला तडक शेठच्या दुकानामागच्या छपरात गेला. मोटार तिथे उभी होती.

"शेठ, फळीले चार स्क्रू शेत. खोलस, दखस, आन् घडीभरमा सांगस काय शे ते."

किशनलाल शेठ तयार होता. पण किशनलालची आई जडावबाई तयार नव्हती.

जडावबाईचे वय सत्तरीच्या पुढे. घर जैन आणि असे नेमाचे, की मोटारीच्या रेडिएटरातही पाणी गाळूनच जाई. झिपरू गाळण्याचे फडके खांद्यावर टाकूनच हिंडे. तळोद्याला एकदा तो न गाळता ओतताना सापडला, तेव्हा जडावबाईने त्याला नाही, मोटारीला एक दिवस उपास घडवला. तर आवाजाची वार्ता ऐकून ही बाई काठी टेकत छपरात आली, पुढच्या बाकावर बसली आणि फळीला कान लावून म्हणाली, "झिपरू, हँडल मार."

झिपरूने हँडल मारले. मोटार थरथरली. टिक-टिक-खर्र.

"बंद कर! बंद कर रे! इणमें जीव है!"

"मांजी, जीव नही. स्क्रू ढिला व्हई," भिला म्हणाला.

"गरमी लागी जद बोल्यो. ठंडो हुयो तो चुप. स्क्रू ने गरमी लागे?"

भिलाने फळीवर हात ठेवला.

"मी खोली दखस ना, मांजी."

"तू खोलेगा और बापडो दब जासी तो? पाप किणने?"

"न खोलता कसं समजी, काय शे ते?"

"जीव आपरी मरजी सूं आयो, आपरी मरजी सूं जासी." एवढे बोलून तिने लेकाकडे वळून फर्मावले, "किशन, जद तक जीव नहीं जावे, मोटर चालू नहीं, फळी खोलणी नहीं."

किशनलालने मान डोलावली. बाजारात त्याचा शब्द चाले, छपरात आईचा.

भिला ठोकळ्यावर बसून विचार करू लागला. साहेब म्हणतात, कळल्याशिवाय चालवायची नाही. मांजी म्हणते, चालवायचीही नाही आणि कळूनही घ्यायचे नाही. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते, तरी दोघांचा गुरू एकच असावा असे त्याला वाटले.

जाताना जडावबाईने मूठभर ज्वारी आणि चिमूटभर पीठ फळीखाली टाकले. "भूखो होसी बापडो."

रोज सकाळी ती ज्वारी टाकू लागली. आणि पहिल्या सहा दिवसांत, ज्या मोटारीत पेट्रोलच्या वासाने मुंगीही फिरकत नव्हती, तिच्यात उंदीर आले. आधी एक, मग त्याने सोयरे बोलावले. त्यांनी बाकाच्या गादीतला काथ्या काढला, फळीमागे बिऱ्हाड केले आणि मोटार बंद असतानाही तिथून आवाज येऊ लागला. जडावबाईच्या डोळ्यांत पाणी आले. "देख्यो? मैं के कह्यो हो?"

निदान चुकीचे होते, पण औषधाने ते बरोबर करून दाखवले. असे वैद्य आणि असे साहेब आजही थोडके नाहीत.

किशनलालने कचेरीला लिहून कळवले: 'कारण: फळीमागे सजीव.' कचेरीचे उत्तर बारा दिवसांनी आले. 'सदर सजीवाची जात लिहिलेली नाही. तसेच तो परवान्यातील चौदा उतारूंत धरला आहे की जादा, याचा खुलासा व्हावा.'

कागद घेऊन भिला कचेरीत गेला. अव्वल कारकून चष्मा कपाळावर चढवून पान लावीत होते.

"जात लिही."

"उंदीर शेत, साहेब."

"आणि आम्ही ऐकला तो आवाज उंदरांचाच?"

"नही ना. तधय उंदीर नव्हतात. तधय स्क्रू ढिला व्हई. उंदीर मांगून उनात."

कारकुनांनी पान खाली ठेवले. "म्हणजे एका आवाजाला दोन कारणे?"

"हो साहेब."

"फॉर्मात रकाना एक आहे." त्यांनी फॉर्म उलटून त्याला दाखवला, जणू फॉर्म छापणाऱ्याला देवाने आधी विचारले होते. "एकाच रकान्यात उंदीर आणि स्क्रू? एकाला जात आहे, एकाला नाही. वर पाठवला तर परत येईल."

"मंग मी काय करू?"

"वाट पाहा."

वाट पाहण्यात चार आठवडे गेले. भिला रोज धानोऱ्याहून पायी नंदुरबारला येई, कचेरीच्या ओट्यावर बसे आणि पायी परत जाई. घरी धनुबाई भाकरी वाढताना ताटाकडे बघून बोले.

"नवलभाऊ पुसी ऱ्हायंता, औत कधय धरस म्हणे."

"धर म्हणो त्यालेच. बिल्ला येई मन्हा."

"येवाले पाहिजे. मन्हा बापनी बिल्लाले पोर दिधी, तुम्हले नही."

भिला त्या रात्री जेवला नाही. सकाळी उठला तो एक नवी गोष्ट डोक्यात घेऊन. मांजीशी वाद घालून उपयोग नव्हता; मांजीच्या बाजूने बोलायला हवे होते.

"मांजी," छपरात जाऊन तो हात जोडून म्हणाला, "जीव बिचारा अंधारमा जेवस. त्याले बाहेर पंगत देऊत. त्यानी मरजी व्हई तं येई."

जडावबाईला हे फार आवडले. छपरापासून रस्त्यापर्यंत ज्वारीची रांग घातली, शेवटी गूळ ठेवला. दुपारी बाराच्या सुमारास, सगळा बाजार बघत असताना, फळीमागून पाच उंदीर रांगेने उतरले, ज्वारी टिपत टिपत रस्ता ओलांडून समोरच्या जेठमलच्या धान्य-मिरचीच्या दुकानात शिरले. जेठमल लाकडी माप हातात घेऊन ओरडत छपराकडे धावत आला. जडावबाईने त्याच्याही हातावर गूळ ठेवला. "थारे पुण्य लाग्यो, जेठमल." मग ती भिलाकडे वळली. "अब खोल."

भिलाने पेचकस घेतला. चार स्क्रू. तीन घट्ट. चौथा अर्धा फेरा ढिला. त्याने अर्धा फेरा पिळला. झिपरूने हँडल मारले. सतरा आवाज आले, अठरावा आला नाही.

"इत्तो सो?" जडावबाई म्हणाली.

"इतलाच, मांजी."

बाई तोंडाला पदर लावून हसली. आपली चूक झाल्यावर हसणारे माणूस या गोष्टीत हे एकच आहे, म्हणून नोंद केली.

दोन महिने भरायला नऊ दिवस उरले होते. भिला धावत कचेरीत गेला. "साहेब, निंघना! स्क्रू व्हता. अर्धा फेरा. आते आवाज बंद."

अव्वल कारकुनांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटातून फाइल काढून टेबलावर ठेवली. तिला नाडी पुरत नव्हती.

"ही त्रेचाळीस पाने आहेत. हिच्यात दोन स्मरणपत्रे आहेत, गुरांच्या डॉक्टरांचा अभिप्राय आहे, उंदीर हा उतारू होतो काय यावर वकिलांचे मत आहे. हिचा शेवट मी अर्ध्या फेऱ्यावर करू? उद्या वरून विचारतील, अर्ध्या फेऱ्याला सात आठवडे कसे लागले? काय सांगू?"

"खरं सांगा."

कारकुनांनी त्याच्याकडे मायेने पाहिले. "वय काय तुझे?"

"अठ्ठावीस."

"शेतीला लागायला चांगले वय आहे."

त्यातून आवाज ज्यांनी ऐकला ते साहेब तेवढ्यात बदलून गेले होते. नव्या साहेबांनी फाइल वाचली आणि हुकूम सोडला की पाच प्रतिष्ठित पंचांसमक्ष आपण आवाज स्वतः ऐकू व निकाल देऊ.

ठरल्या दिवशी मोटार छपराबाहेर आली. नवे साहेब पुढे बसले. मागे पंच बसले. त्यात जेठमल होता, एक पेन्शनर मास्तर होते, बाकीचे तिघेही बाजारपेठेतले वजनदार. बाकांत दोन हंगामांची मिरची मुरलेली होती. धानोऱ्याच्या रस्त्याने मोटार दोन मैल गेली आणि परत आली. साहेब एकदा शिंकले, पंच साठ-सत्तर वेळा शिंकले, आवाज एकदाही आला नाही.

साहेब नाक पुसत म्हणाले, "फाइलीत आवाज आहे. मोटारीत नाही. दोहोंतले एक खोटे. फाइल खोटी असू शकत नाही, तिच्यावर माझ्या आधीच्या साहेबांची सही आहे. तेव्हा ड्रायव्हरने आवाज दडवला. बिल्ला रद्द करण्यास हे कारण पुरेसे आहे."

भिला पंचांकडे वळला. "जेठमलशेठ, तुम्ही तं छपरमा उभा व्हतात. मी स्क्रू पिळा, तुम्ही दखं. सांगा ना!"

जेठमल आकाशाकडे बघू लागला. त्याची मिरची दोन महिने तळोद्याला जायची थांबली होती. त्याला मोटार हवी होती. खरे-खोटे त्याला त्या आठवड्यात नको होते. "मेरे को तो छींक आ री थी, भाई."

"मास्तर, तुम्ही?"

"आवाज होता," मास्तर साहेबांकडे बघून स्वच्छ शुद्ध मराठीत म्हणाले. "आम्ही सर्वांनी पूर्वी ऐकला आहे. मोठा होता."

"फार मोठा," उरलेले तिघे म्हणाले.

करणसिंग जमादार भिलाच्या कानाशी आला. वाईट माणूस नव्हता तो. बिल्ला काढून घेताना त्याला दोनदा खोकला आला होता. "येडा व्हयना का तू? गयेल आवाज परत लई ये. आत्तेच."

भिला खाली उतरला नाही, काही लपवले नाही. भर बाराच्या उन्हात, साहेबांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, त्याने पेचकस काढला, चौथ्या स्क्रूला लावला आणि अर्धा फेरा उलटा फिरवला. सहा जणांनी ते पाहिले. सहाही जणांना ते दिसले नाही.

झिपरूने हँडल मारले. टिक-टिक-खर्र.

साहेबांचा चेहरा उजळला. "हाच! अगदी फाइलीत लिहिला आहे तसाच!" त्यांनी मागे वळून पंचांचे हात हातात घेतले. मोटार किंचित उतारावर होती, ती आनंदाने पुढे सरकू लागली. झिपरूने चाकाखाली ठोकळा टाकला, आणि साहेब त्याच ठोकळ्यावर पाय ठेवून खाली उतरले.

निकाल तिथल्या तिथे झाला. 'आवाज पंचांसमक्ष ऐकला. तो पूर्वीच्या नोंदीशी जुळतो. आवाज मूळचाच असल्याने कारणाचा प्रश्न उद्भवत नाही. मोटार चालविण्यास हरकत नाही. सदर आवाज दप्तरी नोंदला गेला असल्याने ड्रायव्हरने त्यात कमी-जास्त करू नये. केल्यास बिल्ला कायमचा रद्द.' पाचही पंचांनी सह्या केल्या. मास्तरांनी न वाचता केली, कारण चष्म्यावर मिरची बसली होती.

बिल्ला परत मिळाला. कोटाच्या त्याच दोन भोकांत तो बसला. नवलने वेशीपाशी 'भिलाभाऊ' म्हटले. धनुबाईने त्या दिवशी ताटाकडे न बघता नवऱ्याकडे बघून वाढले.

फळीवर कचेरीने एक पत्र्याची पाटी ठोकून दिली: 'या मोटारीचा आवाज तपासून मान्य करण्यात आला आहे.' महिनाभरात उतारूंना ती पाटी इतकी आवडली की आवाज ऐकल्याशिवाय ते बसेनात. शहाद्याकडच्या एका मोटारमालकाने आपल्या बिनआवाजी मोटारीचे चारही स्क्रू ढिले करून अर्ज केला म्हणतात. त्याचा अर्ज विचाराधीन आहे.

भिला रोज गाडी चालवतो. फळीखाली त्याने पेचकस दोरीला बांधून लटकवला आहे. पुढच्या बाकावर कोणी शिकलेला, चार पुस्तके वाचणारा गृहस्थ बसला आणि आवाजाला कंटाळून म्हणाला, की 'काय हा कारभार! कोणी काही करत का नाही?' तर भिला रस्त्यावरची नजर न काढता त्याला सांगतो, "चौथा स्क्रू शे, दादा. अर्धा फेरा. मन्हा बिल्ला जाई, म्हणीसन मी हात लावत नही. तुम्हले कसाना बिल्ला? घ्या पेचकस, फिरवा."

गृहस्थ पेचकसाकडे बघतो. मग पाटी वाचतो. मग दोन्ही हात शालीच्या आत घेऊन म्हणतो, की तसा आवाज काही फार नाही.

गृहस्थांची नावे इथे देण्याचे कारण नाही. ही गोष्ट इथवर हसत वाचणाऱ्याने आपले हात कुठे आहेत तेवढे एकदा पाहावे.